तिसरं घर

समुद्राकाठी चार दिवस राहायला घर शोधायचं काम आमच्या गळ्यात पडलं त्याचं कारण साधं होतं. ताई फोनवर म्हणाली, "तुम्हाला काय, तुम्ही दोघंच. उठलात की निघालात." बाबांना पंचाहत्तरावं लागणार होतं, तेव्हा सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं असं ठरलं होतं, आणि ठरून दोन महिने झाले तरी गाडं अटींच्या पुढे सरकत नव्हतं. आईला जिना नको होता. बाबांना खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता, पण वारा अंगावर यायला नको होता. भावोजींना गाडी सावलीत लावायची होती, त्यांच्या जुळ्या मुलींना समोर अख्खा समुद्र असतानाही पोहायला तलाव हवा होता, आणि माझ्या धाकट्या भावाने, ज्याच्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांची खोली जरा सगळ्यांपासून लांब असली तर बरं, "पण हे मी म्हणालो असं कुणाला सांगू नकोस." मी फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्याच्या बायकोनेही तिला हेच, अगदी याच शब्दांत सांगून ठेवलं आहे.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. डोळे तपासतो, काचा बसवतो. बायको एका आर्किटेक्टच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. अठरा वर्षं आम्ही एका छपराखाली राहतो आहोत आणि आमच्यात फार भांडणं होत नाहीत. फार काहीच होत नाही, असंही म्हणता येईल. इंटरनेटवरच्या फोटोंत प्रत्येक घर समुद्राच्या मांडीवर बसल्यासारखं दिसत होतं, त्यामुळे तिचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. "घर पायांनी बघायचं असतं," ती म्हणाली. सोमवारी दुकान बंद असतं. तिने रजा टाकली, चौकटींच्या कागदाची वही पर्समध्ये टाकली आणि निवडलेली तीन घरं बघायला आम्ही सकाळी निघालो.

पहिलं घर खास जोडप्यांसाठी होतं, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. प्रत्येक खोलीच्या मधोमध काचेच्या भिंतींची न्हाणी होती. बायको ती पाहून म्हणाली, "आई-बाबांना इथे ठेवलं तर चार दिवस दोघं एकमेकांकडे पाहणार नाहीत." दुसरं मोठ्या गटांसाठी होतं. लांबलचक हॉल, भिंतीला टेकून एकावर एक दोन अशा खाटांची रांग, आणि दमट गाद्यांचा वास. तिने दोन्ही घरांचे नकाशे मात्र इमानेइतबारे काढले, कुणाची गादी कुठे येईल ते खुणांनी मांडलं, आणि भावोजींच्या घोरण्यासाठी हॉलच्या टोकाला एक वेगळा चौकोन आखला. आम्ही दोघंही हसलो. तो दिवस तोवर चांगला चालला होता, हे मला मुद्दाम नोंदवून ठेवावंसं वाटतं.

तिसरं घर एका अरुंद गल्लीच्या शेवटी होतं. दुमजली, पांढरं, पुढे ओसरी आणि गाडी उभी राहील एवढी सावली. घराची देखभाल करणाऱ्या बाई पायऱ्यांवर आलेली वाळू झाडून काढत होत्या. पन्नाशीच्या असतील. बायकोला फाटकातून आत येताना पाहिलं मात्र, त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि पदराला हात पुसले.

"या ताई. यंदा लवकर आलात."

"आम्ही नुसतं बघायला आलोय," बायको म्हणाली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी त्या असंच बोलत असतील, असं मला वाटलं. मीही दुकानात बोलतो.

"आता तुम्हाला काय दाखवायचं त्यात," बाई हसल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं. "साहेब गाडीतच बसलेत का?"

"साहेब इथे उभे आहेत," मी हसत म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत उद्धटपणा अजिबात नव्हता. पाहुण्याबरोबर आलेल्या अनोळखी माणसाकडे आपण जसं अदबीने पाहतो, तसं पाहिलं आणि बायकोला विचारलं, "हे भाऊ का तुमचे?"

"अहो, हे माझे मिस्टर."

"असं होय," एवढंच त्या म्हणाल्या आणि किल्ली आणायला आत गेल्या. अशा गमती होतात. मी बायकोला कोपराने ढोसलं, पण ती वहीत डोकं घालून उभी होती.

खालच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. आईला जिना चढावा लागणार नव्हता, आणि एका खिडकीतून समुद्र दिसत होता, पण मध्ये दुसऱ्या घराची भिंत असल्यामुळे वारा अडत होता. बाबांसाठीच बांधल्यासारखी खिडकी. मी मोजमाप घ्यायची टेप धरायला बायकोजवळ गेलो, तेव्हा तिचा नकाशा मला दिसला. कागदाच्या डाव्या अर्ध्यात खालचा मजला होता. उजव्या अर्ध्यात वरचा. जिन्याचं वळण, मोठी खोली, तिच्या दोन खिडक्या, गॅलरी, आणि मोठ्या खोलीच्या मागे एक अगदी चिंचोळी खोली, तिचं दार कुठे उघडतं ते दाखवणाऱ्या पाव-गोलासकट.

"वर कधी जाऊन आलीस?"

तिने कागदाकडे पाहिलं. पेन्सिल अजून बोटांत होती. "कुठे गेले? घरांचा एक साचा असतो रे. खालच्या भिंतींवरून वरच्या कळतात."

हे खरं असू शकतं. अठरा वर्षांत मला नकाशा वाचता आला नाही तो नाहीच. आम्ही वर गेलो. मोठी खोली होती, दोन खिडक्या होत्या, गॅलरी होती. मागे चिंचोळी खोली मात्र नव्हती. तिथे भिंतभर लाकडी कपाट उभं होतं. मला हायसं वाटलं, इतकं की मला माझंच नवल वाटलं.

"कपाट यंदा सरकवलंय इथं," मागून बाई म्हणाल्या. "आतली खोली ओल धरते. छोटीला आता पुरणारही नाही म्हणा. मोठी झाली असेल की. नाही आणलीत?"

आम्हाला मूल नाही. त्यावर बोलणंही आम्ही फार पूर्वी थांबवलं आहे. बायको खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, बाई," मी म्हणालो. "आम्ही या गावात पहिल्यांदा पाऊल टाकलंय."

बाई रागावल्या नाहीत, वादही घातला नाही. खाली गेल्या आणि पाहुण्यांच्या नोंदीचं जाड रजिस्टर घेऊन आल्या. मागच्या वर्षीचं पान त्यांनी उघडून माझ्यापुढे धरलं. बायकोचं अक्षर मी हजार अक्षरांत ओळखेन. नकाशांवर लिहून लिहून ते सरळ उभं, छापल्यासारखं झालं आहे आणि पाचचा आकडा ती दोन तुकड्यांत काढते. नाव तिचं होतं. आडनाव आमचं नव्हतं. तिचं माहेरचंही नव्हतं. खाली लिहिलं होतं : दोन मोठे, एक लहान. चार दिवस.

त्या तारखा मला पाठ होत्या. त्याच चार दिवसांत आम्ही घराला रंग दिला होता आणि दुसऱ्या दिवशी मी शिडीवरून पडलो होतो. हाताला प्लास्टर घालेपर्यंत ती माझा दुसरा हात धरून बाकावर बसली होती, तिच्या नखांत हिरवा रंग होता. मी तसं मोठ्याने म्हणालो. ती वळली, रजिस्टरजवळ आली आणि त्या ओळीवर वाकली.

"अक्षर माझंच आहे," ती म्हणाली. "पण मी आले नव्हते इथे. तुला माहीत आहे ना, मी आले नव्हते?"

तक्त्यावरची अक्षरं दिसत नसताना अंदाजाने सांगणारी माणसं मला लगेच कळतात. त्यांचा आवाज शेवटी किंचित वर जातो. तिचा आवाज वर गेला नव्हता. ती खोटं बोलत नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटली. खोटं बोलत असती तर निदान काय करायचं ते मला माहीत होतं.

ती गॅलरीत गेली. मी बाईंना जिन्यात गाठलं. विचारायचं नाही असं ठरवूनच मी खाली उतरलो होतो.

"ते साहेब कसे आहेत?"

"चांगले आहेत." त्यांना अवघडल्यासारखं झालं. "फार बोलत नाहीत. पण ताई त्यांच्याबरोबर हसतात फार."

"हसतात म्हणजे?"

"हसतात हो. वाळूवर असल्या तरी मला स्वयंपाकघरात ऐकू येतं."

मी जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो. सकाळी आम्ही हसलो होतो, भावोजींच्या घोरण्यावर. ते शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं नसतं. बायको मोठ्याने कशी हसते ते आठवायचा मी प्रयत्न केला. चेहरा आठवत होता, दात दिसत होते, पण आवाज काही केल्या येईना. मला तिच्यावर राग यायला हवा होता. मला राग आला तो त्या माणसाचा नाही, तिचाही नाही. बाईंचा आला, की एवढी साधी गोष्ट त्यांना माहीत होती.

निघताना बाईंनी नंबर मागितला नाही. "आहे की माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

गल्लीतून बाहेर पडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मग बायको म्हणाली, "दुसरंच घेऊ. गाद्या घरून नेऊ हव्या तर." मी लगेच हो म्हणालो. आईची कुरकुर, धाकट्याचं पडलेलं तोंड, सगळं मला त्या क्षणी गोड वाटत होतं. ती वहीतून तिसऱ्या घराचं पान फाडू लागली. मी एक हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो घट्ट धरला. असा तिने माझा हात प्लास्टरच्या वेळेनंतर धरला नव्हता. कुणी आपल्यासारखं दिसतं, कुणाचं अक्षर आपल्यासारखं असतं, जगात काय वाटेल ते असतं, असं मी बोलत राहिलो आणि ती मान हलवत राहिली. तिच्या चेहऱ्यावर रंगही परत आला. जाताना चहा घेऊ, असं तीच म्हणाली.

पेट्रोल पंपावर हवा भरून घ्यायला मी गाडी थांबवली. चार वाजले असतील, लख्ख ऊन होतं. तिचा फोन वाजला. तो गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता, त्यामुळे तिने बटण दाबताच बाईंचा आवाज गाडीभर घुमला.

"ताई, फार लांब गेलात का? तुम्ही निघालात आणि पाठोपाठ साहेब आले बघा. चुकामूक झाली तुमची. छोटी पण आहे. आल्या आल्या पाण्यात धावली, पार भिजून आलीय."

त्या आवाजामागे कुणीतरी खुर्ची ओढली. मी इंजिन बंद केलं.

बायको समोरच्या काचेतून बाहेर पाहत होती. "सांग त्यांना," मी हळूच म्हणालो, "की त्या भलत्याच माणसाला फोन करताहेत. एकदाच काय ते सांगून टाक." तिने मान डोलावली. मोठा श्वास घेतला. ती नेमकं तेच सांगणार होती, याबद्दल मला आजही शंका नाही.

"आधी केस कोरडे करा तिचे," ती म्हणाली. "कानामागे नीट पुसा. डावा कान लगेच दुखतो तिचा."

"माहीत आहे की," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

बाहेर पंपावरचा माणूस वाकून चाकात हवा भरत होता. मी बायकोकडे पाहत होतो. तिने केसांतून हात फिरवला, फोनकडे हात नेला आणि मग माझी नजर जाणवून थबकली.

"असा काय बघतोयस?" ती म्हणाली. "बोलू तर दे मला बाईंशी. अजून कुठे सांगितलंय त्यांना?"