संध्याकाळचे पुडे

गुणवंतरावांनी मला रविवारपर्यंतची मुदत दिली, तेव्हा मी एका ग्राहकाच्या मोबाइलमधून तांदळाचे दाणे काढत होते. पाण्यात पडलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवला की बरा होतो, हे गडचिरोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त मोबाइलला ठाऊक नाही.

"धुरपताबाई, राग नका मानू," ते फोनवर म्हणाले. "पण रविवारपर्यंत एक बी ब्लॉक नाई सापडला, तं मी माही मशीन काढून घेतो. बाहेरच्या मोठ्या पूलात टाकतो."

"बरं भाऊ," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? दोन दाणे चिमट्यातून सटकून पुन्हा आत गेले.

गुणवंतराव भद्रावतीचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. गेम खेळायला घेतलेला दांडगा कम्प्युटर घरी सोडून मुलगा नोकरीला बाहेर गेला, आणि तो कम्प्युटर माझ्या पूलात आला. बारा जणांच्या पूलाचं निम्मं बळ त्या एका मशीनचं. ते गेले की बाकीचे जुन्या लॅपटॉपवर किती दिवस दम धरणार? पूल गेलाच म्हणायचा.

पूल म्हणजे काय ते आधी सांगते, कारण भामरागडकडच्या माझ्या मामेभावाने, पोचूने, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा "कोणत्या नदीवर?" असं विचारलं होतं.

इंटरनेटवरच्या नाण्यांची एक वही असते. जगभरातले कम्प्युटर मिळून ती लिहितात. वहीचं पुढचं पान, म्हणजे ब्लॉक, कोणी जोडायचं हे एका आंधळ्या गणितावर ठरतं. आकडा टाकून पाहा, नाही बसला, दुसरा टाका. ज्याचा बसला त्याचं पान आणि त्यालाच बक्षीस. मोठ्या नाण्यांसाठी लोक गोदामं भरून मशीन लावतात. आमचं नाणं लहान, फारसं कोणी न विचारणारं, पण तरी एकट्या जुन्या लॅपटॉपला ते जन्मात जमायचं नाही. म्हणून दहा-बारा जणांनी आकडे वाटून घ्यायचे, कोणालाही सापडलं तरी बक्षीस कामाप्रमाणे सगळ्यांचं. आणि काम वाटायला, आलेलं काम तपासायला एक कम्प्युटर लागतो. तो सर्व्हर. माझा सर्व्हर म्हणजे दुरुस्तीला आलेला आणि मालक परत न आलेला एक कम्प्युटर, दुकानाच्या वरच्या फळीवर, शेजारी गणपती आणि चार्जरांचं खोकं.

हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकले. इंग्रजी बोलणाऱ्या त्या बाबाचा वेग निम्मा करून. निम्म्या वेगात तो दारू प्यायल्यासारखा बोलायचा, पण समजायचा. सर्व्हरवर आधी त्या वहीची आख्खी नक्कल उतरवावी लागते. आमच्या नेटवर अकरा दिवस लागायचे, ते वीस लागले, कारण नवव्या दिवशी निशातने झाडताना वायर ओढली आणि नक्कल अशी बिघडली की पहिल्यापासून सुरू करावी लागली. निशातचं दुकान माझ्या दुकानाला लागून, तिथे तिची कम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन आहे. माझी माफी मागायची म्हणून ती पूलाची पहिली सभासद झाली.

बाकीच्यांना मी तेंदूच्या फडीवरून, म्हणजे विडीची पानं गोळा करतात त्या जागेवरून, समजावलं. लहानपणी आईबरोबर मी पानं तोडली आहेत. पहाटे तोडायची, दुपारी सत्तर पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी सगळे पुडे फडीवर नेऊन मोजून घेणाऱ्या मुन्शीसमोर मांडायचे. "सर्व्हर म्हणजे मुन्शी," मी सांगायची. "तुमची मशीन पानं तोडते, पुडा झाला की मुन्शीकडे देते." लोकांना चुटकीसरशी कळायचं. त्या उदाहरणाचा मला फार गर्व होता.

तर एक्केचाळीस दिवस झाले होते. माझ्या हिशोबाने महिन्याकाठी एक ब्लॉक सापडायला हवा होता.

"नशीब असते बाई," निशात म्हणाली. "तुमच्या मशीनले पण, माह्या मशीनले पण. माही तं आज सकाळपासून मोराचं तोंडच उलटं काढून राह्यली."

"मोर दिसतो तरी," मी म्हणाले. "माझं काही दिसतच नाही."

आणि बोलता बोलता मला वाटलं, आपण बघतो तरी काय? रोज सकाळी मी सर्व्हरवरचा एकच आकडा बघत होते: आज किती पुडे आले. तो आकडा गलेलठ्ठ होता. नाकारलेल्या पुड्यांची यादी वेगळी लिहिली जाते. ती मी एकदाही उघडली नव्हती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. उघडली.

यादी खाली खाली जातच राहिली. धानोऱ्याकडचे दोघे, एटापल्लीकडचे तिघे, आणि पोचू. पोचूचे तर सगळेच्या सगळे. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास ढीग यायचा आणि ढिगासमोर सर्व्हर एकच कारण लिहायचा: शिळा.

मी पोचूला फोन लावला. तो संध्याकाळीच लागतो, म्हणून सहापर्यंत बसून राहिले.

"जोहार बाई!" पोचू आनंदात होता. "पोचले ना आजचे पुडे?"

"पोचू, तू मशीन कशी चालवतो रे?"

"कशी म्हणजे? सकायी सोलरले लावतो, घरी. मंग धान कापाले जातो. सहाले परत आलो का मशीन सायकलवर बांधतो आन् टेकाडावर नेतो. इथी रेंज आहे ना! झाले जमा, का घरी. एक दिवस बी खाडा नाई केला बाई. साळ्याच्या लग्नातून बी उठून आलो."

"दिवसभर घरी रेंज नसताना मशीन चालते?"

"चालते ना! तूच तं तशी करून देल्ली. फडीसारखी."

मीच करून दिली होती. खरी गोष्ट अशी की रेंज गेली की ही मशीन काम थांबवते, तिला तसंच शिकवलेलं असतं. मला ते आळशीपणाचं वाटलं होतं. मुन्शी समोर नाही म्हणून कोणी पानं तोडायचं थांबवतं का? म्हणून मी मोठ्या हुशारीने स्वतःच्या हाताने दोन ओळी घातल्या होत्या: रेंज नसेल तर तोडत राहा, पुडे बांधून ठेव, रेंज आली की सगळे दे. आणि जंगलाकडच्या सहाही जणांना तीच मशीन दिली.

पण वहीचं पान दर दोन मिनिटांनी बदलतं. जगात कुठेतरी कोणीतरी ते जोडलं की आधीच्या पानासाठी केलेलं सगळं काम तिथेच संपलं. तेंदूचा पुडा सकाळचा संध्याकाळी चालतो. हा पुडा दोन मिनिटांत वाळून भुगा होतो. सहा जण एक्केचाळीस दिवस भुगा वाहून आणत होते, एक तर लग्नातून उठून.

आणि मग यादीत मला ती ओळ दिसली. तेविसाव्या दिवशीची. पोचूच्या ढिगातल्या एका पुड्यात आख्खा ब्लॉक होता. सकाळी अकरा चाळीसला सापडलेला, संध्याकाळी सहा दहाला पोचलेला. शिळा.

त्या दिवशी मी जेवले नाही असं म्हणायला हवं, पण निशातने बिर्याणी आणली होती.

शुक्रवारी गुणवंतरावांना बोलावून घेतलं. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही असं नाही, पण चूक तोंडावर सांगावी. ते बसने आले, स्वेटर, मफलर, हातात पिशवी. मी सगळं सांगितलं. दोन ओळींसकट. शेवटी मी म्हणाले, "तुमचं काम चोख होतं भाऊ. घाण मी केली. तुम्ही मशीन नेली तर माझं काही म्हणणं नाही."

त्यांनी चष्मा लावला. "दाखवा तो."

"कोणता?"

"ब्लॉक."

मी दाखवला. ते स्क्रीनवर इतके वाकले की मफलर कळफलकावर लोळायला लागला.

"म्हणजे सापडला होता?"

"होता."

"आपल्याले?"

"पोचूच्या लॅपटॉपला. ज्याचं झाकण रबरबँडने बांधलंय, त्याला."

"आन् मी घरी बसून बायकोले सांगून राह्यलो का ह्या बाईचा पूल वांझ आहे!" गुणवंतराव हसायला लागले. एवढे हसले की निशात पलीकडून बघायला आली. "अहो, कारखान्यात तीस वर्षं काढली मी. जी मशीन कायच देत नाई, तिची भीती वाटते. चुकीचं देते ना, ती दुरुस्त होते. काढा त्या दोन ओयी. माह्यासमोर काढा."

सहाही मशीनसाठीच्या त्या ओळी मी तिथेच काढल्या. "आणि रविवार?"

"रविवार रविवारच्या जागी. शब्द म्हंजे शब्द." मग जरा खालच्या आवाजात, "पण पोचूचं काय? ओयी काढल्या तं त्याची मशीन दिवसभर झोपून राहीन."

ते मी पोचूला सहा वाजता विचारलं. तो म्हणाला, "मुन्शी गावात येत नाई, तं गावानं फडीवर राहाले जावं."

"म्हणजे?"

"टेकाडाखाली वावर आहे ना माहं. रानडुकरं राखाले मचाण बांधलं आहे. तिथी रेंज येते. दिवसा मंगली बसते, राती मी. मशीनले बी बसवू. सोबत होईन तिले."

गुणवंतराव स्पीकरवर ऐकत होते. "मी बी येतो," ते म्हणाले. "बाजूच्या जिल्ह्यात जन्म गेला, भामरागड नाई पाह्यलं."

शनिवारी दुकान आणि सर्व्हर निशातवर सोपवून आम्ही बस धरली. "झाडू नको," मी तिला बजावलं. "दोन दिवस कचरा राहू दे."

"मी तं स्टुलावरून बी उतरत नाई," ती म्हणाली.

रविवारी सकाळी मचाणावर सोलरची पाटी बांधली. गुणवंतरावांनी तारांना अशा गाठी मारल्या की वादळ आलं तर मचाण जाईल, पाटी राहील. लॅपटॉपवर ताडपत्रीचं छप्पर केलं. मशीन सुरू झाली, पहिला पुडा गेला, आणि सर्व्हरने तो घेतला. ताजा. पोचूने लॅपटॉपला हात जोडले.

दुपारी आम्ही पोचूच्या घरी जेवायला बसलो. नदीचे मासे, नवा तांदूळ. मंगली, पोचूची बायको, मचाणावर राखणीला होती, माझा फोन तिच्याजवळ ठेवला होता, कारण घरी तो नुसता आरसा. गुणवंतराव तिसऱ्यांदा भात घेत होते. मुदतीबद्दल कोणी बोलत नव्हतं. माझं मात्र सारखं लक्ष उन्हाकडे, रविवार किती उरलाय.

तेवढ्यात कापलेल्या वावरातून मंगली पळत येताना दिसली. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, हातात माझा फोन उंच धरलेला.

"डुकरं घुसले काय?" पोचू उठलाच.

"नाई!" मंगली दुरूनच ओरडली. "निशातचा फोन! म्हणते सापडला! ताजा म्हणते! त्या भद्रावतीवाल्या भाऊच्या मशीनले सापडला!"

गुणवंतरावांचा घास हातातच. "माह्या? पण घरी कोणीच नाई. बायको तं माहेरी गेली."

"मशीनले बायको काऊन पाह्यजे जी?" मंगली म्हणाली.

मी हसावं की रडावं ते ठरवेपर्यंत दोन्ही झालं. पोचू गुणवंतरावांचा खरकटा हात धरून नाचायला लागला, आणि गुणवंतराव, कारखान्याची तीस वर्षं, मफलर, सगळं सांभाळत नाचले.

मग मला सांगावं लागलं की ब्लॉक सापडला तरी लगेच आपला होत नाही. त्याच्या पुढे आणखी साठ पानं लागली की तो पक्का. दोन तास.

"मंग इथी काय करून राह्यलो आपण?" गुणवंतराव म्हणाले.

दीड माणसाच्या मचाणावर चौघं चढलो. मी, मंगली, पोचू, आणि शिडीच्या वरच्या पायरीवर अर्धे गुणवंतराव. लॅपटॉपवर पानांचा आकडा वाढत होता. तेराला मंगलीने चौघांना मोहफुलाचे लाडू दिले. एकोणतीसला मचाण पहिल्यांदा करकरलं. पोचू म्हणाला, एक जण उतरा. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग तिसावं पान लागलं, म्हणून कोणीच उतरलं नाही.