घरंगळणारा बटाटा

असं समजा मुलांनो, की तुमचं घर बर्फावर उभं आहे. वरच्या पांढऱ्या बर्फावर नव्हे, मातीच्या पोटात दडून बसलेल्या बर्फावर. ध्रुवाजवळच्या आमच्या अक्लाविक गावात सगळी घरं अशीच. जमीन नदीच्या गाळाची, पण गोठलेली, म्हणून दगडासारखी टणक. म्हणून आम्ही घर जमिनीला टेकवत नाही. लाकडी खांबांवर उचलून धरतो आणि खालून गार वारा खेळू देतो. खालची माती कुडकुडत राहिली, तरच वर आपण मजेत.

गावातल्या कोरीन नावाच्या मुलीने हे ऐकलं होतं, पण एका कानाने.

त्या हिवाळ्यात तिने घराखाली तीन पिल्लं लपवली होती. "आणखी एक कुत्रं घरात आलं, तर मी बाहेर झोपायला जाईन," असं आईने बजावलं होतं. आई बाहेर झोपली असती तरी कोरीनची हरकत नव्हती. पण पिल्लं बाहेर राहिली, तर सकाळपर्यंत गोठली असती. मग तिने घराखालच्या वाऱ्याच्या वाटा जुन्या गोधड्या कोंबून बुजवल्या आणि कोपऱ्यातल्या खांबापाशी एक छोटा विजेचा हीटर लावला. पिल्लं सुखात झोपली.

पहिली चुगली केली कॅरिबू हरणाच्या सुपाने. ते वाडग्यात एका बाजूला जमायला लागलं.

"टेबलाचा पाय आखूड झालाय," आई म्हणाली आणि तिने पायाखाली पुठ्ठा सरकवला.

एनॉक आजोबांनी भांड्यात हात घातला. त्यांनी एक उकडलेला बटाटा टेबलाच्या मधोमध ठेवला. बटाटा क्षणभर थबकला, मग मिठाच्या बरणीला वळसा घालून थेट कोरीनच्या ताटाशी आला.

"बटाट्याला तू आवडतेस, पोरी."

"गोल आहे तो. घरंगळणारच."

"मग तुझ्या आईकडे का नाही गेला?"

"ती ओरडते म्हणून!"

दुसऱ्या दिवशी कोरीनने आईच्या नकळत टेबलाखाली आणखी दोन पुठ्ठे सरकवले. बटाटा गप्प बसला. पण खोलीचं दार आपोआप उघडलं, आणि दाराखाली काही पुठ्ठा सरकवता येईना.

आई शेजारी गेल्यावर आजोबांनी बाहेरून एक पातेलं आणलं. त्यात गोठलेला चिखल आणि चिखलात उभी रोवलेली काडी.

"हलव बघू."

कोरीनने जोर लावला. काडी हलेना. आजोबांनी काडीवर आपली टोपी अडकवली, पातेलं स्टोव्हजवळ ठेवलं आणि चहा घेत बसले. थोड्या वेळाने टोपी वाकायला लागली, जणू कुणाला नमस्कार करतेय. मग चिखलात लोळली.

कोरीनचा चेहरा उतरला. "आपलं घर पडेल?"

"हीटर चालू राहिला, तर आणखी खचेल."

"कुठला हीटर?"

"तोच, जो रात्री भुंकतो."

कोरीन वाकून आपले मोजे वर ओढायला लागली.

"तो बंद केला," आजोबा म्हणाले, "आणि वारा खेळू दिला, की माती पुन्हा गोठेल. मग मी जॅक लावून तुळई उचलीन, खांबावर पाचर ठोकीन. घर सरळ."

"आणि पिल्लं?"

"ती माझ्या जॅकने उचलता येत नाहीत."

कोरीन कोट घालून घराखाली घुसली. हीटर बंद केला, गोधड्या उपसल्या, आणि पोट फुगलेला कोट सांभाळत वर आली. तेवढ्यात दारात आई उभी.

"कोरीन! त्या कोटात काय वळवळतंय?"

"वजन आहे, आई."

"कसलं वजन?"

"घर त्या कोपऱ्याकडे कललंय ना? मग या कोपऱ्यात वजन नको का ठेवायला?"

आजोबांना अचानक खोकला आला.

कोरीनने तिन्ही पिल्लं स्टोव्हजवळच्या उंच कोपऱ्यात ओळीने बसवली. मग टेबलाखालचे पुठ्ठे काढून वर बटाटा ठेवला आणि आईकडे बघत गोड हसली.

"बघ, थांबला की नाही?"

आणि आईला न दिसणाऱ्या बाजूने तिने करंगळी हळूच बटाट्याला लावून ठेवली.