मालनचा ल

कोथरूडला ग्राफिक डिझाइनच्या क्लासला जायला लागल्यापासून रुमाना बिघडली, असं तिच्या अम्मीचं, म्हणजे सलीमाबींचं, स्पष्ट मत होतं. पूर्वी ही मुलगी ताटात पडेल ते मुकाट्याने खायची. आता बिस्किटाचा पुडा हातात घेतला की आधी त्यावरची अक्षरं बघायची, नाक मुरडायची, आणि मग बिस्किट खायची. मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा सगळ्या घराने तारीख बघितली. रुमानाने फक्त एवढंच विचारलं, "एका पत्रिकेत पाच फॉन्ट? कुणी हात धरला नाही त्या छापणाऱ्याचा?"

"तू जेव आधी," अम्मी म्हणाल्या. "पत्रिकेला नंतर नावं ठेव."

अब्बांना, खालिदभाईंना, मात्र कौतुक होतं. बसडेपोत मेकॅनिक असलेला हा माणूस विश्रांतवाडीतून जाताना मुद्दाम स्कूटर हळू करायचा आणि एखाद्या दुकानाकडे बोट दाखवून विचारायचा, "ही पाटी कशी आहे?" रुमाना मागे बसून तिची चिरफाड करायची. दोघांचा वेळ छान जायचा.

क्लासला शिकवायला भाग्यश्री मॅडम होत्या. त्या कधी ओरडायच्या नाहीत. त्याची त्यांना गरजच पडायची नाही. रुमानाच्या पहिल्या लोगोकडे त्यांनी चष्मा वर सारून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"मॅडम, पक्षी."

"असं होय. मला वाटलं, इस्त्री."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये रुमाना आधी रुसली आणि मग स्वतःशीच हसत सुटली, कारण खरंच ती इस्त्री होती.

दिवाळी जवळ आली तेव्हा मॅडमनी नवं काम दिलं. "आपापल्या भागात पाटी नसलेलं एक दुकान शोधा. त्याचा लोगो करा, पाटी करा. आणि ती पाटी दुकानावर लागली पाहिजे. मला आवडून काही उपयोग नाही. ज्याचं दुकान आहे त्याने ती रोज बघायची आहे."

रुमानाला शोधावं लागलंच नाही. तिच्या गल्लीच्या तोंडाशी भाऊंची गिरणी होती. लहानपणापासून ती तिथे दळणाचा डबा घेऊन जात आली होती. गिरणीला पाटी कधीच नव्हती. घरघर ऐकू आली की गिरणी आली, असा हिशोब. गंमत म्हणजे ज्या भाऊंची ही गिरणी, ते जाऊन इतकी वर्षं झाली होती की रुमानाला त्यांचा चेहराही आठवत नव्हता. गिरणी चालवायच्या त्या त्यांच्या पत्नी, मालनबाई. उंच, हाडापेराच्या, बोलायला कडक.

"मालनमावशी, तुमच्या गिरणीला पाटी करू का? क्लासचं काम आहे."

"पाटी कशाला? लोकांना कान नाहीत का?"

"मावशी, प्लीज. नाहीतर मी नापास होईन."

मालनबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. "कर बापडी. पण माझ्या मध्ये यायचं नाही. दिवाळीची भाजणी सुरू झालीय."

म्हणून रुमाना मध्ये आली नाही. कोपऱ्यात पोत्याला टेकून उभी राहिली आणि मोबाइलवर फोटो काढत राहिली. वरच्या पत्र्याच्या पेटीत धान्य ओततानाचे, पट्ट्यावर झाकण सारतानाचे, आणि एक फार सुंदर आला: खाली कापडी नळीतून पिठाची धार पडतेय आणि मालनबाई त्यात हात घालून अंगठा नि बोटाच्या चिमटीत पीठ चोळून बघताहेत, बारीक आलं की जाड.

घरी येऊन रुमानाने तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि जे जे शिकली होती ते सगळं त्यावर केलं. मागचं कॅलेंडर आणि वायरी काढल्या. कपाळावरच्या आठ्या पुसल्या. केसांवरचं, भुवयांवरचं पीठ एकेक कण टिपून साफ केलं. साडीचा रंग खुलवला. दुसऱ्या दिवशी मोठ्या उमेदीने तिने तो मालनबाईंना दाखवला.

मालनबाईंनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "ही कोण?"

"मावशी, तुम्हीच!"

"असं? बरी दिसते. कुठल्या गावची?" मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पीठ कुठं गेलं?"

"काढलं मी. छान दिसावं म्हणून."

"गिरणीत उभी आणि अंगाला पीठ नाही? मग ती गिऱ्हाईक झाली." त्यांनी मोबाइल परत दिला आणि पुढचा डबा उचलला.

रुमानाचा चेहरा पडला, पण घरी पोचेपर्यंत तिला ते पटलं होतं. तिने केलेलं सगळं उलट्या क्रमाने मागे घ्यायला सुरुवात केली. एकेक बटण दाबलं की एकेक गोष्ट परत यायची. साडी विटली, आठ्या उमटल्या, आणि मग भुवयांवर, केसांवर, हातावर भुरभुर पीठ परत आलं. आणि पीठ आलं तशा मालनबाईही आल्या! रुमाना खुर्चीत सरसावून बसली. तिने मागचा सगळा भाग फक्त थोडा काळोखा केला. एवढंच. चिमटीतलं पीठ उजळून निघालं. तिला लोगो सापडला होता: पीठ चोळणारा हात.

ती हात काढत बसली. चार रेषांत अंगठा, बोटं, मनगट, मनगटात दोन बांगड्या आणि चिमटीतून पडणारे तीन ठिपके. खाली लिहिलं, भाऊंची गिरणी. नाव मालनबाईंनीच सांगितलं होतं, सगळे म्हणतात तेच.

मॅडमनी ते पाहिलं. या वेळी इस्त्री नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. "हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "एक शंका आहे. हे भाऊ बांगड्या घालायचे?"

सगळा वर्ग हसला. शेजारी बसलेली तनुजा तर बाकावर डोकं ठेवून हसली. रुमानाही हसली, पण हसता हसता थांबली. इतकी वर्षं तीही 'भाऊंच्या गिरणीत जाऊन येते' म्हणत होती.

संध्याकाळी गिरणीत डब्यांची रांग लागली होती. रुमानाने सगळ्यांसमोरच विषय काढला. "मावशी, पाटीवर तुमचं नाव घालते."

"माझं? नाव लावून मिरवायला मी काय नगरसेवक आहे? भाऊंचं आहे ते बरं आहे."

रांगेतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "अहो मालनबाई, भाऊ गेल्यापासून माझं दळण भाऊंनी दळलंय का?"

"तुम्हाला पीठ मिळतंय ना, मास्तर? मग झालं."

"पीठ मिळतंय, पण पोरगी बरोबर बोलतीय."

"मालनबाईची गिरणी. छान वाटतं," मागची एक बाई म्हणाली. दुसरीने दुजोरा दिला. तिसऱ्याने आरतीला म्हणावं तसं मोठ्याने म्हणून दाखवलं. मालनबाईंनी सगळ्यांकडे रागाने पाहिलं आणि बटण दाबून गिरणी चालू केली. त्या घरघराटात वादविवाद आपोआप संपला. मास्तरांची बाजरी दळून होईपर्यंत कुणालाच काही बोलता आलं नाही.

गिरणी थांबली. मालनबाई हात झटकत रुमानाजवळ आल्या आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लिहायचंच तर 'बाई' नको लिहू. नुसतं मालन लिही."

"का, मावशी?"

"बाई काय, सगळेच म्हणतात. नुसतं मालन म्हणणारं आता कुणी राहिलं नाही." आणि लगेच आवाज चढवून, "हं, कुणाचा नंबर? ज्वारी कुणाची?"

रुमाना घरी गेली ती जवळजवळ पळतच. मालन! तीन अक्षरं, एक काना. तिने कॉम्प्युटरवरचे एकूण एक फॉन्ट लावून पाहिले. एकात अक्षरं काडीसारखी, दुसऱ्यात लग्नपत्रिकेसारखी, तिसरा बँकेच्या फॉर्मसारखा. आणि बहुतेकांत ल हिंदी वळणाचा, उजवीकडे काठी टेकून उभा. रुमानाला शाळेत गिरवलेला ल हवा होता, दोन बाजूंना दोन गोल पाकळ्या आणि मधून वर गेलेला देठ. शेवटी तिने कॉम्प्युटर बंद केला, स्वयंपाकघरात गेली, परातीत पीठ पसरलं आणि बोटाने लिहू लागली.

बोटाने लिहिलं की अक्षराला अंग येत होतं. वळणावर पीठ दोन्ही बाजूंना सरकून कड गोल होत होती. म जमला. न जमला. ल काही केल्या जमेना. एक पाकळी मोठी व्हायची, एक चेपायची. ती परात हलवून पीठ सारखं करायची आणि पुन्हा लिहायची.

"रुमाना, अन्न आहे ते," अम्मी मागून म्हणाल्या.

"अम्मी, एकच मिनिट."

"मघापासून तेच ऐकतेय." पण अम्मी गेल्या नाहीत. खांद्यावरून बघत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डावीकडचं जरा फुगव."

रुमानाने फुगवलं. आणि ल बसला! दोन्ही पाकळ्या भरल्या दाण्यासारख्या टपोऱ्या, देठ ताठ. ती ओरडलीच. अब्बा धावत आले, त्यांना वाटलं काही सांडलं. तिने परातीवर दिवा तिरका धरून फोटो काढला. मग अम्मींनी त्याच पिठाच्या चपात्या केल्या, आणि अब्बा जेवताना प्रत्येक घासाला विचारत राहिले, "यात ल आला का म आला?"

फोटोवरून रुमानाने अक्षरं कॉम्प्युटरवर नीट गिरवली. वर हात, मधोमध मोठं 'मालन', खाली लहान अक्षरांत एका साध्या फॉन्टमध्ये 'पिठाची गिरणी, विश्रांतवाडी'. फाइल तिने फ्लेक्सवाल्या योगेशला पाठवली. वसुबारसेच्या सकाळी योगेश शिडी घेऊन आला, त्याने पाटी ठोकली आणि दुसऱ्या कामाला निघून गेला. रुमाना अंघोळ करून पोचली तोवर गिरणीसमोर आठ-दहा माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. तिला वाटलं, कौतुक चाललंय.

वरचा हात झकास होता. मालन झकास होतं. खाली ठळक छापलं होतं: 'पठिाची गरिणी, वश्रिांतवाडी'.

चूक कुठे झाली ते रुमानाला लगेच कळलं. फाइल देण्याआधी अक्षरांचं चित्र करून टाका, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वेलांट्या पळतात, हे मॅडमनी इतक्यांदा सांगितलं होतं की तनुजा त्यांची नक्कल करायची. मालन तिने हाताने काढलं म्हणून वाचलं. खालची ओळ ती विसरली.

मालनबाई कमरेवर हात ठेवून वाचत होत्या. "पठि... गरिणी..." त्यांनी रुमानाकडे पाहिलं. "गरिणी म्हणजे कोण गं? गरिबाची बायको?"

"मावशी, माझी चूक झाली. मी आत्ता..."

पण मालनबाई हसायला लागल्या होत्या. त्यांना हसताना रुमानाने कधी पाहिलंच नव्हतं. आधी खांदे हलले, मग सगळ्या अंगावरचं पीठ उडायला लागलं, आणि मग त्या दारातल्या पोत्यावर बसून डोळे पुसू लागल्या. पुसलेल्या डोळ्यांभोवती पिठाचा चिखल झाला. "वश्रिांतवाडी!" मास्तर लहान मुलाला शिकवावं तसं तोंड वेडंवाकडं करून म्हणाले, आणि पुन्हा एकदा हशा उसळला. रुमाना रडायच्या बेतात होती. तीही हसत सुटली.

"पण बदलून आण हां," शेवटी मालनबाई दम खात म्हणाल्या. "माझं पीठ जाड आलं तर तुझी अम्मी परत पाठवते. तसंच हे."

योगेशने कपाळाला हात लावला, चहा मागवला आणि दुपारपर्यंत नवी पाटी छापून दिली. या वेळी रुमाना त्याच्या कॉम्प्युटरशेजारी उभी राहिली आणि प्रत्येक वेलांटी आपापल्या अक्षरावर बसल्याची खात्री करूनच हलली. अब्बांनी डेपोतून लवकर सुटून स्वतः शिडी धरली. पाटी लागली तसा तिने फोटो काढून मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "ल चांगला झालाय." रुमानाने ते तनुजाला पाठवलं. तनुजाने उलट विचारलं, "मॅडमचा फोन चोरीला गेला का?"

संध्याकाळी मालनबाई पदराला हात पुसत रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर आल्या. रुमाना त्यांच्यासोबत आली. आकाशकंदिलांच्या उजेडात पाटी लख्ख दिसत होती. बसगाड्या जात होत्या, स्कूटर जात होत्या, मध्येच एखादी मान वळत होती. मालनबाईंनी हळूच, ओठातल्या ओठात, आपलं नाव वाचलं. मग एकदा मोठ्याने वाचलं.

"कसं वाटतंय, मावशी?"

"दिसतंय खरं," मालनबाई म्हणाल्या.

तेवढ्यात गिरणीसमोर एक स्कूटर थांबली. हेल्मेटमधली बाई पायाशी डबा धरून पाटीकडे बघत इकडेतिकडे कुणाला तरी शोधत होती. "अहो," तिने रस्त्यापलीकडे ओरडून विचारलं, "मालन गिरणी हीच ना? कुणी आहे का इथे?"

"आले, आले!" मालनबाईंनी हात वर केला आणि वाहनांतून वाट काढत निघाल्या. "मीच मालन. डबा खाली ठेव आणि नंबर लाव. भाजणी आहे ना? मग थांबावं लागेल."