पंचांचं टेबल

“पंच, डोळे उघडे आहेत तुमचे,” काउंटरवरून मालक ओरडले.

“मिटलेत,” पंच म्हणाले. “वयाने पापण्या पातळ झाल्यात, म्हणून तसं वाटतं.”

आणि त्यांनी आंधळ्यासारखा खणात हात घातला. हाताला लागले ते दोन खोके काढले, नखाने त्यांच्या पट्ट्या सोलल्या, आतल्या प्रोसेसरच्या चिपा चाचपून बाहेर घेतल्या आणि त्यांच्या पाठीवर कोरलेली नावं दिसू नयेत म्हणून बोटाने करडी पेस्ट थापली. मग डोळे उघडून दोन्ही चिपा एकेका मशीनमध्ये बसवल्या. आता कोणती चिप कोणती, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. रिकामे खोके त्यांनी तोंड फिरवून खणात टाकले आणि खण गुडघ्याने लोटला.

कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्या त्या दुकानात ही रीत पंचांनीच पाडली होती. दोन प्रोसेसरांमध्ये अडकलेलं गिऱ्हाईक आलं की त्याला मागच्या टेबलाशी आणायचं. टेबलावर दोन मशिनं, एक डावं, एक उजवं. कॅबिनेट सारखं, पडदा सारखा, पंखा सारखा, धूळसुद्धा सारखी. फरक फक्त पोटातल्या चिपेचा. मशीन सुरू होताना पडद्यावर क्षणभर चिपेचं नाव झळकतं. तेवढ्यापुरता पंच दोन्ही पडद्यांपुढे पुठ्ठा धरायचे आणि स्वतः छताकडे बघायचे. मग गिऱ्हाइकाने आपलं काम दोन्हींवर करून बघायचं. “आकडे घरी ठेवा, काम घेऊन या,” हे पंचांचं ब्रीद. शेवटी पंच निकाल द्यायचे, डावा किंवा उजवा. बरोबरी त्यांच्याकडे मिळत नसे. “बरोबरी म्हणजे पंचाचा आळस,” असं ते म्हणत. खरं नाव आता त्यांना फक्त दवाखान्यात लागायचं.

हा निकालाचा सोस त्यांना उशिरा लागला होता. तरुणपणी दोन स्थळं एकदम सांगून आली, तेव्हा पंचांनी फार बारकाईने तुलना केली. एकीचं बोलणं चांगलं होतं, दुसरीचं गप्प बसणं चांगलं होतं. हा निकाल लावेपर्यंत दोघींनीही आपापले निकाल लावून घेतले. दोन्ही लग्नांत पंच जेवून आले. कोणत्या लग्नातला स्वयंपाक सरस होता, हे मात्र त्यांनी त्याच रात्री ठरवून टाकलं, आणि त्यानंतर आयुष्यात कुठलीही गोष्ट अधांतरी ठेवली नाही.

आज मात्र टेबलच अधांतरी होतं. मालक वयाने पंचांच्या निम्मे. दुकान त्यांना वडिलांकडून मिळालं आणि पंच दुकानाबरोबर मिळाले. मालकांना टेबलाच्या जागी काचेचं कपाट हवं होतं, रंगीत उजेडाच्या कीबोर्डांसाठी.

“लोक हल्ली फोनवर सगळं वाचूनच येतात हो,” मालक म्हणाले होते. “तुमची सर्कस बघायला वेळ कुणाला आहे? बरं, आजच्या त्या जोडप्याचा काय तो सामना करा. खूश होऊन गेले तर राहू दे टेबल. नाही तर उद्या सुतार येतोय.”

जोडपं आलं. तो बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला. एवढा रुंद की दुकानात शिरताना सवयीने खांदे चोरणारा. ती नकाशे काढणारी. अजून न बांधलेल्या घरांची चित्रं घरी बसून करायची, अगदी खिडकीतून ऊन येतंय अशी, आणि बांधणारे ती दाखवून घरं विकायचे. घरी कॉम्प्युटर एक. दिवसा त्याच्यावर ती घरं बांधायची आणि संध्याकाळी तो क्रेनचा गेम खेळायचा.

“म्हणजे जन्मभर क्रेन चालवली,” ती म्हणाली, “आणि आता सुटलात तर फुकट चालवताय.”

“पगार असताना मजा नव्हती,” क्रेनवाला म्हणाला.

जुना कॉम्प्युटर दमला होता. नव्यासाठी दोन प्रोसेसर आदल्या दिवशी फोनवरच निवडून झाले होते. एकाच कंपनीचे, एकाच मदरबोर्डावर बसणारे, किमतीतही सारखे. घोडं तिथेच अडलं होतं.

“सोपं आहे,” पंच म्हणाले. “एका चिपेत बारा कामकरी आहेत, पण त्यांचं हत्यारांचं कपाट जरा लांब. दुसरीत आठच, पण हत्यारं उशाशी. गेममध्ये प्रत्येक क्षणाला पटकन हत्यार लागतं, तिथे आठवाली सरस. चित्र तयार करणं म्हणजे ढिगारा उपसणं. तिथे माणसं जास्त हवीत, म्हणून बारावाली.”

“आणि पैसे कशात वसूल होतात?” क्रेनवाल्याने विचारलं.

“ते घरात कुणाचं चालतं, त्यावर.”

“मग बारावाली,” क्रेनवाला म्हणाला.

“वा!” बायको कडाडली. “म्हणजे घरात माझं चालतं, असं परक्या माणसांपुढे सांगायचं का? सामना होऊ दे. जे जिंकेल ते घेऊ.”

पंच खूश झाले. असं गिऱ्हाईक त्यांना हल्ली क्वचित मिळे.

क्रेनवाला पुढच्या दालनात चमकणारे पंखे बघायला गेला, तशी ती टेबलाजवळ सरकली.

“भाऊ, एक सांगू? मला हरायचंय.”

“काय?”

“हळू. हे निवृत्त झाल्यावर सहा-आठ महिने नुसते भिंतीकडे बघत बसायचे हो. हाक मारली तरी दोनदा मारावी लागायची. तो गेम आला आणि माणूस बोलायला लागला. ‘आज वारा होता,’ म्हणतात. ‘आज एक खोका वाकडा बसला,’ म्हणतात. मला तेवढं पुरे. पण तुमच्यासाठी घेते म्हटलं, तर शिवणार नाहीत. उपकाराची वस्तू यांना चालत नाही. मी वाढदिवसाला दिलेलं घड्याळ अजून खोक्यात टिकटिकतंय. म्हणून भांडते. भांडून जिंकलेलं मात्र वापरतात.”

“वहिनी, या टेबलावर सामना ठरवून होत नाही,” पंच ताठ होऊन म्हणाले. “कुठली चिप कुठे आहे, हे मलाच माहीत नाही.”

“मग चांगलंच की. त्यांना खेळात फरक जाणवला की झालं. मी थोडी कुरकुर करेन, ती मनावर घेऊ नका.”

पंचांनी पुठ्ठा धरला, छताकडे बघितलं, दोन्ही मशिनं सुरू केली. क्रेनवाला डाव्या खुर्चीत बसला आणि एकदम वेगळाच माणूस झाला. पाठ ताठ, मान खाली, जणू क्रेनच्या केबिनमध्ये बसून पायाखालच्या काचेतून खोल कुठेतरी बघतोय. पडद्यावरच्या क्रेनने एक कंटेनर उचलला, हवेत नेला, जहाजात ठेवला. आवाज न करता. मग तो उजव्या खुर्चीत गेला. तोच कंटेनर, तेच जहाज.

“पुन्हा डावं बघतो,” म्हणाला. पुन्हा बघितलं. मग त्याने बायकोकडे बघितलं. ती हाताची घडी घालून, ओठ आवळून, भांडायच्या तयारीत उभी होती.

“डावं,” क्रेनवाला म्हणाला. “लोण्यासारखं चालतंय. उजवं अडखळतं.”

“झालं! लगेच निकाल!” ती म्हणाली. “माझं काम काय पाणी भरायला ठेवलंय? लावा हो भाऊ, माझं चित्र लावा.”

पंचांनी तिच्या एका घराचं चित्र दोन्ही मशिनांवर एकाच वेळी तयार करायला लावलं. दोन पडद्यांवर दोन हिरव्या पट्ट्या सरकू लागल्या. पंचांना हा भाग फार आवडायचा. थोड्या वेळात एक पट्टी दुसरीला मागे टाकायची, गिऱ्हाईक पुढे वाकायचं आणि शर्यतीत पैसे लावल्यासारखं बघायचं. आज पट्ट्या शाळेला निघालेल्या जुळ्या बहिणींसारख्या हातात हात घालून चालत राहिल्या आणि हातात हात घालूनच पोचल्या.

“घ्या!” ती म्हणाली, आणि चेहरा पाडण्याचा तिने मनापासून प्रयत्न केला. “कामात दोन्ही सारखीच. म्हणजे माझं म्हणणंच संपलं. तुमचं डावं तर डावं. हरले मी. आता चार दिवस मिशीवर ताव मारत हिंडाल.” आणि ती जवळजवळ पळतच काउंटरकडे गेली.

पंचांनी दोन्ही पट्ट्या पुन्हा बघितल्या. बारा माणसांनी उपसलेला ढिगारा आणि आठ माणसांनी उपसलेला ढिगारा एकाच क्षणी संपत नाही. त्यांनी खण उघडला आणि पहिल्यांदाच त्यात बघितलं. फोडलेले दोन खोके पडले होते, दोन्हींवर बाराच लिहिलेले. आणि कोपऱ्यात तिसरा, सीलबंद, आठवाला. सामन्याच्या खणात दोनच खोके असायचे, हा नियम. नव्या मालातला एक मालकांनी जाता जाता तिथेच टाकला असणार. आणि खणात बघायचं नाही, हाही नियमच.

दोन्ही मशिनांत एकच चिप होती. सामना झालाच नव्हता.

पंचांनी काउंटरकडे बघितलं. मालक हसत हसत बिलाला हात घालत होते. टेबल वाचलं होतं. गप्प बसणं फार सोपं होतं.

ते क्रेनवाल्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

“एक चूक झाली,” ते म्हणाले. “माझ्याकडून. दोन्हींत—”

“एकच चिप आहे,” क्रेनवाला म्हणाला. “हळू बोला.”

“तुम्हाला कसं कळलं?” पंचांनी विचारलं.

“भार सोडताना दोन्ही एकाच जागी दचकतात,” क्रेनवाला म्हणाला. “मला वाटलं, तुमचीच काही युक्ती असेल.”

“मग डावं लोण्यासारखं कसं काय?”

“मग काय सांगू? ती बिचारी सकाळपासून हरायला बघतेय. किती ताटकळत ठेवायची?” त्याने डावा पडदा हाताने पुसला, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी. “तीस वर्षं भांडतोय हो आम्ही. ती जिंकायला भांडते तेव्हा आवाज खाली असतो. आजचा आवाज ऐकलात ना? कोणती आहे दोन्हींत?”

“बारावाली. कामाची.”

“झालं तर. हेच डावं बांधून द्या.”

“पण गेम थोडा अडखळेल.”

“खरी क्रेनही अडखळायची. उलट घरच्यासारखं वाटेल.” तो थांबला. “तिचं चित्र तयार होईस्तोवर ती खुर्चीतच मान टाकून झोपते. मान आखडते तिची. मला म्हणते, पंख्याचं वारं लागलं.”

“वहिनींना कळेल की. काम झपाट्याने व्हायला लागलं की कळेल.”

“कळू दे. पण मला विचारायचं म्हटलं, तर ती हरायला आली होती, हे तिला आधी कबूल करावं लागेल.” क्रेनवाल्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. “ते ती मेली तरी करणार नाही. चिपेचा तो खोका मात्र तुमच्याकडेच ठेवा. घरात जागा नाही.”

“पंच!” काउंटरवरून मालकांनी हाक मारली. “निकाल काय लावला? बिलावर कोणती लिहू?”

ती पर्स उघडून उभी होती आणि मुद्दाम टेबलाकडे बघत नव्हती.

पंच उठले. निकाल देताना ते नेहमी उठत.

“डावा,” ते म्हणाले. “बिलावर पूर्ण मशीन एवढंच लिहा. किंमत तीच आहे.”

आवाज बरोबर आला. निदान त्यांना सोडून बाकी सगळ्यांना बरोबर वाटला.

डावं मशीन पुठ्ठ्यात बांधलं गेलं. क्रेनवाल्याने ते छातीशी धरून उचललं आणि दारातून तिरकं, कुठेही न घासता बाहेर नेलं. “जिंकलेला माणूस बघा कसा चालतो,” ती मागून म्हणाली. मग वळून पंचांकडे बघून तिने एक डोळा किंचित मिचकावला. पंचांनी मान डोलावली. नवरा-बायको दोघांचीही गुपितं आता पंचांच्याच खणात होती.

“मानलं बुवा पंच,” मालक टेबलापाशी आले. “बाई आणखी चार जणांना पाठवते म्हणाली. राहू दे तुमचं टेबल. मी सुताराला नको म्हणून सांगतो.”

“येऊ दे त्याला,” पंच म्हणाले.

“अहो, पण का?”

“सकाळी तुम्ही म्हणालात ना, माझे डोळे उघडे आहेत म्हणून?”

“गंमत केली हो मी!”

“उघडे होते,” पंच म्हणाले.

मालकांचा फोन वाजला, म्हणून ते गेले. माणूस हटवादी, पण खोटं बोलायचा नाही, हे वडिलांनी सांगून ठेवलेलं त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे पंचांचं आजचं दुसरं खोटंही त्यांनी खरं मानलं.

टेबलाच्या डाव्या बाजूला धुळीत एक स्वच्छ चौकोन राहिला होता. पंच उजव्या खुर्चीत बसले. पुठ्ठा त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला आणि मशीन सुरू केलं. छताकडे न बघता. पडद्यावर चिपेचं नाव झळकलं. अक्षरं बारीक होती. खिशातून चष्मा निघेपर्यंत ती निघून गेली.

पंचांनी मशीन बंद केलं, चष्मा पुसून नाकावर ठेवला आणि पुन्हा सुरू केलं.