कातरलेला पंख

शेणकुटाचा तुकडा धुराड्यात कोंबून अंजनानं भाता दोनदा दाबला. पहिला धूर तिच्याच डोळ्यांत गेला. तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले, तोंडावरची जाळी खाली ओढली आणि मधमाश्यांच्या पेटीच्या दाराशी हलकेच धूर सोडला.

"कमी. अजून कमी," मागून गोपाळकृष्ण मास्तर म्हणाले. "माशीला गुदमरवायचं नाही. आपण आलोय एवढं नुसतं कळलं पाहिजे."

मेढ्याच्या वरच्या अंगाला शाळेमागं हिरड्याची झाडं होती, त्यांच्या सावलीत हा मधमाशीपालनाचा वर्ग भरायचा. सकाळी शाळेच्या पडवीत फळ्यापुढं बसायचं, ऊन वर आलं की पेट्यांपाशी यायचं. शिकायला आलेल्या बहुतेकांना वर्गातल्याच पेट्या दिल्या होत्या. अंजनानं मात्र आपली पेटी घरून आणली होती. दाराला जाळी ठोकून, वर ओलं पोतं टाकून ती कुडाळच्या अलीकडच्या गावाहून एसटीच्या टपावरून आली होती. कंडक्टरनं आत काय आहे विचारल्यावर अंजना म्हणाली होती, "आबांच्या माश्या." एवढ्या उत्तरानं त्याचं समाधान झालं नव्हतं, पण त्यानं पुढं विचारलंही नाही.

आबा म्हणजे तिचे वडील, नाथाजी. याच मास्तरांच्या हाताखाली बऱ्याच वर्षांपूर्वी ते हेच काम शिकून गेले होते. दिवाळी सरली आणि एका सकाळी छातीत कळ येऊन ते गेले. त्यांच्यामागं पेट्यांना कुणी हात लावला नाही. थंडीत एकेक पेटी ओस पडत गेली. शेवटच्या पेटीतून अजून गुणगुण येत होती, तेव्हा आई म्हणाली, "ही तरी ऱ्हाऊ दे गं त्यांची." म्हणून अंजना या वर्गाला आली होती.

"झाकण काढा," मास्तर म्हणाले.

अंजनानं झाकण काढून गवतावर उलटं ठेवलं. हात उघडेच होते. आबाही कधी हातात काही घालत नसत.

"बाप बी असाच उघड्या हातानं करायचा," मनुबाई शेजारच्या लालासाहेबाला सांगत होती. मनुबाई ओढ्यापलीकडच्या वाडीची. नवऱ्याबरोबर रानातली मोहोळं काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि पेटीतली माशी म्हणजे तिला बांधलेल्या शेळीसारखी वाटायची. "नाथाजीला माश्या वळखायच्या. हातावर येऊन बसायच्या त्याच्या. इथं शिकाय हुता तवा म्या सोता बघितलंय."

"माशीला काय वळख, मावशी," लालासाहेब म्हणाला. फौजेतून पेन्शन घेऊन आल्यापासून त्याला कशाचंच नवल वाटत नसे. "तिला ड्यूटी ठावं, बस."

"तुझ्या हातावर बसली का कवा?"

"बसली की. डंख मारूनच उठली."

बाकीचे हसले. अंजना हसली नाही. मनुबाई बोलली ते खरं होतं. वर्षाकाठी एखाद्या दिवशी आबा पेट्यांवरून येत आणि ओट्यावर बसून राहत. उजवा हात गुडघ्यावर उताणा. अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर माश्या येऊन बसत, चिमटीभोवती फिरत राहत, चावत मात्र नसत. आळीतली माणसं बघायला येत. आई कौतुकानं म्हणे, "आज लय माया आलीया त्यास्नी."  त्या दिवशी आबा एकूणच कमी बोलत.

वर्गात पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं, कामकरी माशी महिना-दीड महिना जगते.

"आमच्या सुनांगत," मनुबाई म्हणाली होती. "राबायचं आन् मरायचं."

"आणि राणी?" लालासाहेबानं विचारलं होतं.

"तीन वर्षं. फार तर चार."

तेव्हा अंजनानं मान वळवून पडवीतून बाहेर, हिरड्याखालच्या आपल्या पेटीकडं बघितलं होतं. आत ज्या माश्या होत्या त्या सगळ्या आबा गेल्यानंतर जन्मलेल्या. आबांचा हात बघितलेली एकच उरली होती, राणी. दोन फाल्गुनांमागं आबांनी नखं कापायच्या कात्रीनं तिचा डावा पंख अर्धा कातरला होता, माश्या घेऊन तिनं उडून जाऊ नये म्हणून. तेव्हा पोळ्याची चौकट अंजनानंच धरली होती. "हलू नगंस," आबा म्हणाले होते. "जरा चुकलो तर तिचा पाय जाईल."

आता तिनं मधली चौकट सावकाश वर उचलली आणि उन्हाकडं तिरकी केली.

"काय दिसतंय?"

"अंडी हायेत. पर इखुरल्यागत. मधी मधी घरं मोकळीच."

"आणि झाकलेली घरं?"

अंजनानं जवळून पाहिलं. कामकरी माशीच्या घरांवरची झाकणं सपाट असायला हवी होती. ती जागोजागी फुगून वर आली होती.

"नरांचीच पिल्लं हायेत लय."

"म्हणजे काय झालं?"

"राणी म्हातारी झाली."

"मग?"

"बदलायची." ती थांबली. "जुनी काढायची. उद्या नवी राणी वाढत असलेलं घर पोळ्यात बसवायचं."

"काढायची म्हणजे काय करायचं?"

अंजनानं चौकट परत पेटीत ठेवली. उत्तर लालासाहेबानं दिलं.

"खतम करायचं."

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं तेव्हा तो धुराडं पेटतंय का बघायला वाकला.

"रानात सोडली तर?" अंजनानं विचारलं.

"पंख कातरलाय. मुंग्या खातील."

"डबीत ठिवली तर? मध घालून?"

"राणी स्वतः खात नाही, अंजनाबाई. तिला भरवायला माश्या लागतात."

"मग ऱ्हाऊ द्या की तशीच," मनुबाई म्हणाली. "किती दिस राहायची म्हातारी. मरंल आपोआप."

"आपोआप मरेल तोवर कामकरी माश्या संपतील. जांभूळ फुलायला आलंय. या पेटीत तेव्हा मध गोळा करायला कुणी नसेल, आणि पाऊस तर ही पेटी बघणारच नाही." मास्तर हे सगळं फळ्यासमोर बोलावं तसंच बोलले. मग जरा हळू म्हणाले, "मी काढू का? लालासाहेबांच्या पेटीतली मीच काढली."

लालासाहेब खाली बघूनच म्हणाला, "माजा हात मोठा हाय. जमत न्हवतं."

"आबांनी मारली नसती," अंजना म्हणाली. "त्यांच्यानं झालंच नसतं ते."

 मास्तरांनी लालासाहेबाच्या हातातून धुराडं घेतलं, त्याचं झाकण उघडून आत बघितलं आणि पुन्हा लावलं.

हिरड्यांमागं शाळेतली पोरं पाढे म्हणत होती.  आई दाराशी बसून या पेटीची वाट बघत असणार, हे अंजनाला ठाऊक होतं. मोकळी पेटी घेऊन गेलं तर ती काही म्हणणार नाही, हेही ठाऊक होतं. ओस पडलेल्या पेट्या तिनं एक शब्द न बोलता गोठ्याच्या माळ्यावर टाकल्या होत्या.

अंजना पुन्हा वाकली. पहिल्या चौकटीवर राणी नव्हती. दुसऱ्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात माश्यांचं एक छोटं कडं दिसलं, सगळ्यांची तोंडं आत वळलेली. कड्याच्या मधोमध ती होती. लांब, काळपट, अंगावरची लव झिजलेली. चालताना थांबत होती. डावा पंख अर्धा.

अंजनानं डाव्या हातात चौकट तोलली आणि उजव्या हाताच्या चिमटीत राणीला तिच्या धडक्या पंखाला धरून उचललं. वजन असं नव्हतंच. राणीचे पाय हवेत कशाचा तरी आधार शोधत होते.

 

अंजनानं चिमटी राणीच्या अंगावर सरकवली आणि दाबली.

मग तिनं राणीला हिरड्याच्या पानावर ठेवलं, चौकटी होत्या त्या क्रमानं परत लावल्या, मध्ये एकही माशी चिरडणार नाही असं झाकण बसवलं.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "हात स्थिर होता. चला, चहा घ्या सगळे."

पडवीत स्टोव्हवर चहा उकळत होता. अंजना पाण्याच्या रांजणाकडं निघाली, तेवढ्यात एक माशी तिच्या अंगठ्यावर बसली. तिनं हात झटकला नाही. माशी अंगठ्याच्या पेरावर फिरली, बोटावर गेली, पुन्हा अंगठ्यावर आली. मग दुसरी आली. मग आणखी. डंख कुणीच मारला नाही. त्या नुसत्या चिमटीभोवती फिरत होत्या, काही तरी हुंगत असल्यासारख्या.

"अगं बया!" मनुबाई ओरडली. "बघा, बघा. पोरीला वळखाय लागल्या की! बापागत!"

"ओळखतात कसल्या," मास्तर बशीत चहा ओतत म्हणाले. "राणीचा वास लागलाय बोटांना. त्या तिला शोधताहेत. राणी काढली की असंच होतं. दोन-तीन दिवस येत राहतील. राख लावून धुवा, थोडा कमी होईल."

मनुबाईचा चेहरा उतरला. ती रांजणाशेजारच्या चुलीतून मूठभर राख घेऊन आली.

अंजना तिच्या मुठीकडं बघत राहिली.

"कुनाच्या बी हातावर बसत्यात?" तिनं विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "ज्यानं काढली त्याच्याच." आणि ते बशी तोंडाला लावून दुसरीकडं बघू लागले.

अंजना पडवीच्या पायरीवर बसली. उजवा हात तिनं गुडघ्यावर उताणा ठेवला. माश्या गेल्या, परत आल्या.

"हात धू की गं," मनुबाई म्हणाली. "राख आणलीया."

"ऱ्हाऊ द्या, मावशी."

मनुबाईनं राख पायरीच्या कडेला सांडली आणि हात झाडून तिच्यासाठी चहा घेऊन आली. अंजनानं कप डाव्या हातानं घेतला.