एमिल युर्कोनं लावलेला ब्रेक

दर मार्चमध्ये संघांचे मालक समुद्रकाठच्या एखाद्या हॉटेलात जमतात आणि कोळंबी खातखात पुढच्या मोसमाचे नियम ठरवतात. यंदा त्यांच्यापुढे एकच मोठा प्रश्न होता. चेंडू झेलायला दोन्ही हात वर केलेल्या, स्वतःला वाचवू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर कुणी धडक मारली, तर त्याच्या संघाला पंधरा यार्ड मागे सरकवण्याची शिक्षा पुरे, की मारणाऱ्याला सरळ मैदानाबाहेर काढायचं? फुटबॉल म्हणजे आमचा फुटबॉल, लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर तुटून पडण्याचा. नियमांच्या पुस्तकात अशा खेळाडूला 'असहाय' म्हटलंय, आणि हा शब्द ऐकला की माझ्या नवऱ्याचं टाळकं फिरतं.

"असहाय म्हणे," रोझेल स्वयंपाकघरातल्या टीव्हीला म्हणाला. "दुपटी बांधा आता त्यांना. आमच्या वेळी कोण होतं रे असहाय?"

'तू,' असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि अंडी परतत राहिले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, शेजारीपाजारी सांगतील. पण चार दिवसांपूर्वी मी जे पाहिलं होतं ते अजून त्याला दाखवलं नव्हतं.

रोझेल टिब्ज आठ मोसम खेळला, पण लोकांना त्याचा एकच झेल आठवतो. एकेचाळीस वर्षांपूर्वीचा जानेवारी, बाद फेरीचा सामना, भुरभुरणारा बर्फ, शेवटची दोन मिनिटं. मैदानाच्या मधोमध उंच आलेला चेंडू त्यानं उडी मारून घेतला, समोरून सुसाट आलेल्या बचाववाल्याला चकवलं आणि धडपडत गोलरेषा ओलांडली. आम्ही जिंकलो. त्या झेलामुळे त्याला खेळ सुटल्यावर मोटारींच्या शोरूममध्ये नोकरी मिळाली, गिऱ्हाईक आधी हात मिळवायचं आणि मग गाडी बघायचं. आक्रन शहरातलं आमचं घर त्या झेलावर उभं आहे म्हटलं तरी चालेल. नातवंडांना तो झेल रोझेलच्या तोंडून पाठ आहे: चेंडू कसा फिरत आला, बर्फ कसा डोळ्यांत गेला, बचाववाला कसा फसला.

फसलेल्याचं नाव एमिल युर्को. तो पेनसिल्व्हेनियातल्या नदीकाठच्या एका गिरणीगावचा, त्याच भागातल्या संघाकडून खेळणारा. त्या चुकीनंतर उन्हाळ्यात संघानं त्याला काढलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

हिवाळ्यात रोझेलचे जुने प्रशिक्षक वारले. त्यांच्या मुलीनं सामन्यांच्या फिल्मची एक पेटी आमच्याकडे पाठवली आणि माझ्या नातीनं त्या संगणकावर चढवून दिल्या. या फिल्म टीव्हीसारख्या नसतात. कॅमेरा स्टेडियमच्या माथ्यावर असतो, चेंडूमागे धावत नाही, बावीसच्या बावीस माणसं दिसतात. एक डाव, म्हणजे चेंडूची एक चाल, संपला की कॅमेरा बंद करायचा आणि पुढच्या डावाला चालू करायचा अशी पद्धत. त्या दिवशी कॅमेऱ्यावरच्या माणसाची बोटं गारठली असावीत, त्यानं तो बंदच केला नाही. देव त्याचं भलं करो.

म्हणून मला दोन डावांमधला वेळ दिसला. दोन्ही संघ आपापलं कोंडाळं करून पुढच्या डावाचं ठरवताहेत. आमचे दहा जण एका कोंडाळ्यात. आणि अकरावा, ऐंशी नंबरचा, माझा नवरा, संथपणे चालत त्यांच्या कोंडाळ्यात जाऊन उभा राहिलाय. पांढऱ्या शर्टांत एक काळा शर्ट. तिथला एकजण हसला, एकानं ढकललं. मग तेवीस नंबरचा पुढे आला. त्यानं रोझेलच्या हेल्मेटच्या जाळीतून आत बघितलं, बराच वेळ. त्याचे खांदे धरून त्याला वळवलं आणि पाठीला हात लावून आमच्या बाजूला सोडलं, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं.

तेवीस नंबर म्हणजे एमिल युर्को. आणि लगेच पुढचा डाव तोच, जगप्रसिद्ध. रोझेल हवेत, हात वर, बरगड्या आणि हनुवटी उघडी. युर्को सुसाट येतो, खांदा खाली घालतो, आणि मग ताठ होतो. पाय रोवतो. हात पसरून कमरेला धरायला बघतो. निसरड्या बर्फावर रोझेल त्या हातांतून निसटतो आणि गोलरेषेपलीकडे जाऊन पडतो.

मी ते अकरा वेळा पाहिलं. दुसऱ्या सत्रात रोझेलच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला होता हे मला माहीत होतं. तेव्हाची तपासणी म्हणजे थट्टाच. मैदानाकडेला वैद्यकीय मदतनीस बोटं दाखवून विचारायचा, किती? तो नेहमी दोनच दाखवतो हे सगळ्या संघाला ठाऊक. सगळे 'दोन' म्हणून परत खेळायला जायचे. रोझेल घरी येऊन हसत सांगायचा, आणि मूर्खासारखी मीही हसायचे.

त्या न्याहारीनंतर मी त्याला फिल्म दाखवली. पाहिल्यावर तो म्हणाला, "घसरला तो. बर्फ होता."

"खांद्यांना धरून वळवलं तेव्हाही घसरला होता का?"

तो उठून गॅरेजमध्ये गेला. तीन दिवस आमच्यात मीठ-मिरपूड देण्यापुरतं बोलणं झालं. मला त्याचं कळत होतं. ती फिल्म खरी धरली, तर त्याचा झेल पराक्रम राहत नाही, कुणीतरी घातलेली भीक होते. सत्तरीला टेकलेल्या माणसाकडून त्याची एकुलती एक गोष्ट काढून घ्यायची, ही काही छोटी मागणी नव्हे. पण मलाही एका माणसाचे आभार मानायचे होते, आणि एकेचाळीस वर्षं उशीर झाला होता.

शुक्रवारी सकाळी मी गाडीची किल्ली घेतली. "मी जातेय. युर्को त्याच्या गावी चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी मासे तळतो, फोन करून विचारलंय. तू घरी बसून टीव्हीशी भांड."

तो कोट घालून गाडीत बसला.

आम्ही बाप्टिस्ट, कॅथलिकांसारखं ईस्टरआधीच्या दर शुक्रवारी मांस सोडून मासे खायचं वगैरे आम्हाला नाही. पण त्या तळघरातला वास आला आणि मला वाटलं, धर्म बदलावा. लांब टेबलं, कागदाचे मेजपोश, पावाच्या दोन्ही बाजूंनी वीतवीत बाहेर आलेला तळलेला कॉड मासा, लोण्यात पोहणाऱ्या, बटाटा भरलेल्या पिरोगी. आम्हाला जागा मिळाली ती सहा-सात म्हाताऱ्यांच्या टेबलावर, आणि तिथं वाद ऐन रंगात आला होता.

"मैदानाबाहेर काढणार म्हणे!" चेस्टर नावाचा लालबुंद मानेचा एकजण टेबलावर काटा आपटत होता. "अरे, पूर्ण वेगात धावतोय माणूस. चेंडू येतो, समोरचा उडी मारतो, सगळा मामला अर्ध्या सेकंदाचा. अर्ध्या सेकंदात कुणाला थांबता येतं का?"

"एकाला आलं होतं," पलीकडचा म्हणाला, आणि सगळ्या टेबलानं तोंडानं गाडीचा ब्रेक करकचून लावल्याचा आवाज काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत. मग हसले. रोजचं असावं ते, हसण्यात जोरही नव्हता.

"कोण तो?" मी विचारलं.

"माझा मेहुणा," चेस्टर म्हणाला. "ब्रेक युर्को. तळतोय आत. अख्ख्या खोऱ्याचं नाक कापलं त्यानं, बाई. पुढं तेहतीस वर्षं शाळेची बस चालवली. पोरं म्हणायची, एवढी सुरक्षित बस अख्ख्या राज्यात नाही."

मला राग आला की मी हळू बोलते. "म्हणजे बघा. अर्ध्या सेकंदात माणसाला थांबता येत नाही, म्हणून नियम चुकीचा. आणि तुमचा मेहुणा थांबला, म्हणून तो भित्रा. दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा ना."

चेस्टरचा घास तोंडाशी थांबला. उचलली जीभ लावली टाळ्याला असा त्याचा कारभार, त्याला कुणी हिशेब विचारला नसावा. मग त्याची नजर माझ्या शेजारी गेली आणि तिथंच खिळली.

"थांबा थांबा. तुम्ही टिब्ज. ऐंशी नंबर." तो उभाच राहिला. "अरे, हाच तो! आता यांनाच विचारू. सांगा साहेब, तुम्ही माझ्या मेहुण्याला चकवलंत. तुम्हाला कधी लागला असला नियम? तुम्ही होतात का असहाय?"

सगळं टेबल रोझेलकडे बघायला लागलं. मी माझ्या ताटाकडे बघत राहिले. दोन तास गाडीत मी त्याला एक शब्द शिकवला नव्हता. आता शिकवणार नव्हते.

"मी," रोझेल म्हणाला, "कधी कुणाची दया मागितली नाही."

"बघा!" चेस्टर म्हणाला.

मी पर्स उचलली. नवऱ्याला टेबलावर सोडून एकटीनं स्वयंपाकघरात जायचं, त्या माणसाचा हात धरायचा आणि निघायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात तोच बाहेर आला. उंच, वाकलेला, एप्रनला पीठ, हातात माशांचं मोठं ताट. त्यानं रोझेलला पाहिलं आणि ताट हळूच टेबलाच्या कडेवर ठेवलं. नाव विचारलं नाही, स्वतःचं सांगितलं नाही.

"डोकं कसं आहे तुझं?" एमिल युर्कोनं विचारलं.

रोझेलनं हातातला काटा खाली ठेवला.

"नंतर विचारायचं होतं," एमिल म्हणाला. "सामना संपल्यावर तुमच्या कपडे बदलायच्या खोलीकडे आलो होतो, पण तुम्ही नाचत होता सगळे. मग म्हटलं, नाचतोय म्हणजे बरा असेल."

"मी तुमच्या कोंडाळ्यात आलो होतो," रोझेल म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना.

"आला होतास. मला विचारलंस, आता काय खेळायचंय? गोड आवाजात, शाळेतल्या पोरासारखा. मी आत बघितलं तर डोळ्यांत कुणी नव्हतंच."

"मग सांगितलं का नाहीस?" चेस्टर मेहुण्यावर खेकसला. "इतकी वर्षं! मी, सगळे..."

"काय सांगू? त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून नाही मारलं? तू काय म्हणाला असतास, चेस्टर? तेव्हाच तर मारायचं, असंच ना? आमच्या प्रशिक्षकांना सांगितलं, तर ते तेच म्हणाले. आणि बाहेर फुटलं असतं तर याच्या संघानं याला घरी बसवलं असतं. तेव्हा कुणाला दुखणेकरी पोसायचे होते?" त्यानं एप्रनला हात पुसले. "तुम्ही नियमाचं भांडताय म्हणून सांगतो. थांबायला मला नियम लागला नाही. थांबल्यावर ताठ मानेनं घरी यायला मात्र तो लागला असता. पुस्तकात तेव्हा ते लिहिलेलं असतं, तर मी नियम पाळणारा माणूस झालो असतो. लिहिलेलं नव्हतं, म्हणून भित्रा झालो."

रोझेल टेबलाला धरून उठला, त्याचे गुडघे आता लगेच ऐकत नाहीत.

"मला तो झेल आठवत नाही," तो म्हणाला.

मी पर्स परत खाली ठेवली.

"आठवत नाही म्हणजे काहीच नाही. गुडघा लागल्यापासून पुढचं सगळं कोरं आहे. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर पाहिला आणि पाठ केला. एकेचाळीस वर्षं लोकांना टीव्हीवरचंच सांगतोय." तो माझ्याकडे वळला. "तुलाही, व्हर्लीन." मग टेबलाकडे. "मी याला चकवलं नाही. मी कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. यानं मला सोडलं. असहाय होतो, हो. तुमच्या पुस्तकात लिहिलंय तसाच होतो."

माझ्या मनात राग यायला जागा होती. इतकी वर्षं एकाच पलंगावर झोपून माणूस एवढं लपवतो. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की त्यानं स्वतःच्या हातानं ती गोष्ट काढून दिली, मला ओढून घ्यावी लागली नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग मी एमिलचे पिठानं माखलेले हात धरले. गाडीत मी चांगलं दहा वाक्यांचं भाषण जुळवलं होतं, त्यातलं एकही आठवेना.

"हा माणूस त्या रात्री स्वतःच्या पायांनी घरी आला," मी म्हणाले. "अजून स्वतःच्या शर्टाची बटणं लावतो. माझ्याशी भांडतो. त्याच्याबरोबर खेळलेल्या तिघांच्या बायका नवऱ्यांना भरवतात. मी तुमची ऋणी आहे. मला आधी कळायला हवं होतं, कळलं नाही, त्याची माफी मागते. पण आज सांगतेय ते मनापासून सांगतेय. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

एमिलला कुठं बघावं ते कळेना. आभार घ्यायची सवय नसलेल्या माणसासारखा तो माझ्या हातांकडे बघत राहिला. काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"चार. थोरली तेव्हा तीन महिन्यांची होती."

"म्हणजे बाकीची?"

"बाकीची तिन्ही त्या जानेवारीनंतरची."

मग त्यानं मान वळवून मेहुण्याकडे पाहिलं, आणि त्याच्या आवाजात कसलीही बढाई नव्हती.

"तीन, चेस्टर," तो म्हणाला.

चेस्टर उठला आणि त्यानं आपली खुर्ची एमिलसाठी मागे ओढली.