उशिरा वाजलेली घंटा

एडवर्ड मास्तरांनी हयातभर गावाला सतावलं, आणि जाताना मात्र कुणाला साधी हाकसुद्धा मारली नाही. शुक्रवारी पहाटे त्यांची बहीण लूर्डस कोमट पाणी घेऊन पडवीच्या खोलीत गेली, तर ते भिंतीकडे तोंड करून निजलेले होते. तिने खांद्याला हात लावला, आणि पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

तिला रडू फुटायला हवं होतं. पण कुडाच्या भिंतीपलीकडे तिची मुलगी ऑलिव्ह आरशासमोर उभी राहून पुटपुटत होती, “मुलांनो, आज आपण नदीची गोष्ट ऐकणार आहोत.” ऑलिव्हच्या ट्रेनिंगची आज शेवटची परीक्षा. अंधेरीच्या एका शाळेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तिला चौथीच्या वर्गावर पाठ द्यायचा होता. हा पाठ चुकला की वर्ष फुकट गेलं. आणि ऑलिव्हचं वर्ष फुकट गेलं की गावची शाळा बंद पडली, हे करंजपाखाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

करंजपाखाडी दिंडोशीच्या टेकडीखाली. मुंबईत धरायची ती फक्त पत्त्यापुरती. पावसाळ्यात भात लावायचा, हिवाळ्यात भाजी करायची, आणि बायांनी लाल लुगडी नेसून मुळा-माठाच्या टोपल्या गोरेगावच्या बाजारात न्यायच्या, असा इथला संसार. देवळामागच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चमागच्या, एका खोलीत चार इयत्ता भरत, आणि चारही एडवर्ड मास्तर एकटेच हाकत. पोर शाळेत दिसलं नाही की हा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून थेट चिखलात उतरायचा आणि लावणीतून पोराला कान धरून आणायचा. बाप शिव्या घालायचे. संध्याकाळी तेच बाप कोर्टाचा कागद वाचून घ्यायला मास्तरांच्या पायरीवर येऊन बसायचे. लग्न करायला मास्तरांना सवड झाली नाही, असं ते स्वतः सांगत. बहिणीचा नवरा गेल्यावर तिच्याच पडवीत ते राहायला आले, आणि भाचीला त्यांनी असं काही वेड लावलं की ही पोर वाफ्यातल्या कोबीच्या गड्ड्यांची हजेरी घ्यायची.

मास्तर स्वतः सातवी पास. ट्रेनिंग वगैरे काही नाही. गेल्या वर्षी शाळा तपासणारे साहेब येऊन सांगून गेले, पुढच्या जूनपासून ट्रेनिंग झालेला शिक्षक दाखवा, नाहीतर खोलीला कुलूप. बाहेरचा एक शिक्षक आला होता. त्याने चिखल पाहिला, डास पाहिले आणि आल्या बसने परत गेला. मग उरली ऑलिव्ह. गावाने तिला जणू वाटून घेतलं. एका घरातून दूध येई, शेजारची एमिलिया तिची पोलकी शिवून देई, देवळाची घंटा वाजवणारा हेन्री अंधाऱ्या वाटेवर तिच्यापुढे कंदील धरून चाले.

आता या हेन्रीकडेच लूर्डस मागच्या दाराने निघाली. कारण गावचा रिवाज असा, की माणूस गेलं की लगेच घंटा वाजायची. ती वाजली की मेलेल्याच्या रक्ताच्या माणसाने माती पडेपर्यंत वेशीबाहेर पाय टाकायचा नाही. नवऱ्याच्या वेळी लूर्डसचा थोरला दीर बोटीची नोकरी सोडून बसला होता, पण वेस त्याने ओलांडली नाही. घंटा वाजली असती तर ऑलिव्ह जागची हलली नसती. तिला कुणी हलवूही शकलं नसतं.

हेन्री दात घासत होता. ऐकून त्याने क्रुसाची खूण केली आणि तसाच दोरीकडे निघाला. लूर्डस आडवी आली.

“थांब रे. पोरीची बस जाऊ दे.”

“खुळी काय तू? घंटा नाय वाजवायची? तुझा भाव तो!”

“माझाच हाय. म्हणून सांगते.”

“लूर्डस, त्याचा जीव असा मुक्यानं जाऊ द्यायचा?”

“जीवाला वाट ठावं हाय. पोरीची बस चुकली तर दुसरी पुढच्या वर्सापर्यंत नाय.”

मास्तरांनीच हेन्रीला अक्षरं गिरवायला लावली होती, तीही पंचविशी उलटल्यावर. तो दोरीकडे पाठ करून वळला आणि बस जाईपर्यंत गप्प राहा, असं घरोघर सांगायला गेला.

लूर्डस परतली तेव्हा तिला नुसतं भावाचं मरण सलत नव्हतं. रविवारीच मास्तर तिला म्हणाले होते, “मी निघालो की उशाशी ऑलिव्हला बसव. लादीन तिनंच म्हणायची. बाकीचे संतांची नावं गिळतात.” लादीन म्हणजे संतांच्या नावांची लांबलचक विनवणी. तशातही चुका काढणारा माणूस तो! लूर्डस त्यांना हो म्हणाली होती. आता ती पोरीचा डबा भरत होती. हात आपोआप चालत होते, डोकं नव्हतं.

ऑलिव्ह बाहेर आली. पांढरी साडी, निळे काठ, घट्ट वेणी. “आये, मामाला सांगून येते.”

“नको गो. रातभर डोळा लागला नाय त्याचा. आता कुठं निजलाय.”

“पायाला नुसता हात लावते.”

“सांगते ना, नको!” लूर्डसचा आवाज चिरका आला. तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

ऑलिव्ह पडवीच्या दारातच थांबली. मास्तरांची पाठ तिच्याकडे होती. तिने पदर सावरला आणि हळूच म्हणाली, “मामा, येते हं.” लूर्डसने चुलीकडे तोंड फिरवलं. त्या एका वाक्यासाठी आपल्याला नरक मिळाला तरी तो कमीच, असं तिला वाटलं.

गल्लीत सगळे रोजच्यासारखे दिसत होते, म्हणजे दिसायची शिकस्त करत होते. एमिलिया पायरीवर मिरच्या निवडत होती. मयताला तिच्या रडण्याशिवाय रंग चढत नाही असं गाव म्हणे, आणि आज ती पदराचा बोळा दातांत धरून बसली होती. “डोळ्यात मिरची गेली गो,” ती ऑलिव्हला म्हणाली. हेन्री वेशीपर्यंत गेला. “झकास दे पाठ,” एवढंच त्याला जमलं. बस धूळ उडवत वळली, तसा तो धोतर सावरत देवळाकडे पळाला. घंटा वाजली, आणि एमिलियाने जो हंबरडा फोडला त्याने टेकडीवरची गुरंसुद्धा माना वर करून बघू लागली.

मग लूर्डस रडली, मोकळी रडली. बायांनी मास्तरांना न्हाऊ घातलं, साहेबाच्या तपासणीला घालायचा तो काळा कोट चढवला. दुपार व्हायला आली तेव्हा एमिलिया भांडी आवरायला आत गेली आणि तिने आतूनच विचारलं, “मास्तरच्या मटणाची वाटी रिकामी कशी गो? कुत्र्याला घातलीस?”

ती वाटी कुठे रिकामी झाली, ते लूर्डसला आत्ता आठवलं.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते. घरात मटण शिजत होतं ते फक्त मास्तरांसाठी, डॉक्टरांनी रस्सा सांगितला होता म्हणून. त्याला दुसरं कुणी बोट लावत नसे. त्यात आज शुक्रवार. जी बाई तापात फणफणत असतानाही शुक्रवारी मांसाला शिवली नव्हती, तिने आज आपल्या हाताने पोरीच्या डब्यात मटण भरलं होतं, आणि तेही भावाच्या वाटणीचं. ऑलिव्ह डबा उघडेल आणि तिला कळेल. आईचं असं चुकत नाही हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मामाला आता ते लागणार नाही, एवढाच त्याचा अर्थ होत होता.

“येणार ती,” लूर्डस एमिलियाला म्हणाली. “पाठ टाकून येणार. माझ्याच हातानं वाट लागली सगळी.”

त्यानंतरची दुपार लूर्डसने कशी काढली ते देव जाणे. वेशीवर बस थांबल्याचा आवाज आला की तिचा जीव दोन्हीकडून ओढला जाई. ती येऊ दे, भावाचं तोंड तिला बघू दे. नको, आत्ता नको, पाठ होऊ दे. जपाच्या एकाच माळेवर ती दोन्ही मागण्या मागत होती, आणि आपण देवालाही कोड्यात टाकतो आहोत हे तिला कळत होतं. एक बस आली, ऑलिव्ह नव्हती. दुसरी आली, नव्हती. दर वेळी लूर्डसला हायसं वाटे आणि दर वेळी त्या हायसं वाटण्याची शरम वाटे.

गोरेगावहून फादर आले. ऊन मार्चचं, गोरेगावहून आणलेला बर्फ केव्हाच वितळून गेला होता. फादर म्हणाले, “लूर्डसबाई, आता थांबवत नाही. दिवस मावळायच्या आत माती द्यायला हवी.”

“पोर येऊ दे, फादर.”

“येईल तेव्हा कबरीवर येईल.”

“नाही,” हेन्री मध्येच म्हणाला. फादरांपुढे तो आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हणाला असेल. “मास्तर आमच्यासाठी लय वेळ थांबले. आज आम्ही थांबतो.” अंगणातलं एकही माणूस उठलं नाही. फादर पुन्हा खुर्चीवर बसले.

उन्हं कलली तेव्हा ऑलिव्ह आली. ती धावत आली नाही. गल्लीतून सरळ चालत आली, साडीच्या निऱ्या विस्कटलेल्या, हातात डबा. सगळे बाजूला झाले. अंगणात ती आईसमोर उभी राहिली आणि डबा तिच्या हातात दिला. तो जड होता, तसाच भरलेला.

“कधी?” तिने विचारलं.

“पहाटे.”

“मी दारातून बोलले, तेव्हा...”

“हो.”

लूर्डस चपराक खायलाही तयार होती. तिला विचारायचं होतं ते तोंडून निघेना. ते हेन्रीने विचारलं. “पोरी, पाठ?”

“दिला,” ऑलिव्ह म्हणाली. मग फक्त आईकडे बघत म्हणाली, “मधल्या सुट्टीत डबा उघडला, आये. माझा नंबर त्यानंतर होता. फाटकासमोर बस उभी होती. कंडक्टर ओरडत होता, चला, चला. मी फाटकापर्यंत गेले.” तिने ओठ आवळले. “आणि परत वर्गात गेले.”

लूर्डसने डबा पायरीवर ठेवला. सगळं पाप आपल्या एकटीच्या डोक्यावर घ्यायचं, पोरीला त्याचा वाराही लागू द्यायचा नाही, म्हणून तिने दिवसभर एवढा आटापिटा केला होता. आणि पोरीने त्या फाटकापाशी एकटीने उभं राहून निम्मा भार उचलला होता. तो आता कुणालाही तिच्याकडून काढून घेता येणार नव्हता. लूर्डसने तिला जवळ ओढलं. ऑलिव्ह आली, पण अंग सैल सोडून आली नाही. तेवढं अंतर त्या दोघींत पुढेही राहिलं.

ऑलिव्ह मामाच्या उशाशी बसली. लादीन तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली, एक नाव गिळलं नाही. मग वाकून तिने मामाच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

माती द्यायची वेळ आली तेव्हा शाळेतली पोरं कबरीभोवती गर्दी करून एकमेकांना ढकलू लागली. कुणी रडत होतं, कुणी नुसतंच भेदरलेलं होतं. मोठी माणसं दटावू लागली, पण ऐकतंय कोण. ऑलिव्हने डोळे पुसले आणि पुढे होऊन म्हणाली, “लहान पुढे, मोठे मागे. एकेकाने या.”

आवाज मोठा नव्हता, पण पोरं थांबली. धाकटी पुढे आली, थोरली मागे सरली, आणि ओळीने येऊन प्रत्येकाने मूठमूठ माती टाकली. माती टाकून झाली की प्रत्येक पोर तिच्याकडे बघत होतं, आणि ती मान हलवत होती. सगळ्यांचं होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग आपली मूठ भरून ती सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली.